डाळिंबाची वंशावळ कोण वाचणार?

२०२० साली ‘पीसीआर’ हा शब्द सोलापुरात बोळाबोळांत पोचला. साथ ओसरली, शब्दही मागे पडला. वास्तविक १९८३ मध्ये कॅरी मलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला सुचलेली ही युक्ती, म्हणजे डीएनएच्या एका नेमक्या तुकड्याच्या काही तासांत कोट्यवधी प्रती काढण्याची, आपल्या जिल्ह्याला साथ नसतानाही हवी आहे. कारण आपल्याकडे डाळिंब आहे आणि डाळिंबावर तेल्या आहे.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत तेल्या म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि बहार हातचा जातो. हा झॅन्थोमोनस नावाच्या जिवाणूचा प्रताप. भगव्याची लागवड बहुधा गुटी कलमाने होते. फांदीची साल काढायची, ओले शेवाळ बांधायचे, मुळे फुटली की रोप वेगळे करायचे. त्यामुळे प्रत्येक रोप मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल असते. रंग, गोडी सारे उतरते. फांदीत जिवाणू दडून बसला असेल तर तोही उतरतो. डाग दिसण्यापूर्वी तो डोळ्यांना कळत नाही, पीसीआरला कळू शकतो.

बँकेत असताना मी बागांची कर्जप्रकरणे पुष्कळ पाहिली. सातबारा, आठ-अ, विहिरीचे पाणी, जामीनदार, सारे तपासले जाई. गुटी कोणत्या झाडावरून आणली, हे विचारणारा रकाना मात्र मी कधी पाहिला नाही. बोजा जमिनीवर चढतो, जोखीम रोपात असते.

हा रकाना भरणारी माणसे विद्यापीठातच घडायची. येथील मुले रेणवीय जीवशास्त्र मन लावून शिकतात. १९५३ सालचा दुहेरी सर्पिल, इ. कोलायची जनुके, सारे तोंडपाठ असते. परीक्षा झाली की हुशार मुलगा पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या विषयातले एकही उदाहरण आपल्या शिवारातले नाही, तो विषय परगावचाच वाटणार.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले. दोन्ही पुणे रस्त्यावर केगावला, जणू शेजारी. २०१७ मध्ये या केंद्राने ‘सोलापूर लाल’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले वाण दिले. शेजाऱ्यांत येणेजाणे असेलही. माझे म्हणणे नियमाचे आहे. जीवशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक सत्र जिल्ह्यातल्या एखाद्या पिकावर काम केल्याखेरीज त्याला पदवी देऊ नये.

विषयांना तोटा नाही. मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ज्वारी आजही आपल्या ताटात आहे. ती निवड केवळ पारखी नजरेने झाली. २००९ साली ज्वारीचा जनुकसंच जगाने वाचला, तो अमेरिकेत तयार केलेल्या वाणाचा. काळ्या रानातल्या नुसत्या ओलीवर आपली मालदांडी कशी तगते, हे मालदांडीलाच विचारायला हवे.

यात खर्च आहे. बाहेर उन्हाळा बेचाळीस अंशांवर असताना विकरे उणे वीस अंशांवर ठेवायची, म्हणजे अखंड वीज आली, महागडी रसायने आली. पालकांचा प्रश्नही रास्तच आहे : नोकरी कोठे? रोपवाटिकांना तपासणी सक्तीची करा, तालुक्याला एक प्रयोगशाळा द्या, कर्जाच्या अर्जाला रोपाचा दाखला जोडायला लावा. नोकऱ्या तेथेच निघतील. एक बाग उपटून टाकताना शेतकऱ्याचे जे बुडते, त्यापुढे तपासणीचे शुल्क किरकोळ आहे.

रेणूंच्या विद्येने पाऊस पडणार नाही, बाजारभावही वधारणार नाही. पण खड्ड्यात रोप ठेवण्यापूर्वी ते निरोगी आहे की नाही, एवढे तरी ती सांगू शकते. फेडीचे हप्ते त्या रोपावरच अवलंबून असतात.