मोठं होण्याला तात्पर्य नसतं

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांना येणाऱ्या कथांमध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा हटकून असतो. मोबाइलसाठी हट्ट धरून तो बापावर रुसलेला असतो. शेवटच्या परिच्छेदात बापाच्या भेगाळलेल्या टाचा त्याच्या नजरेस पडतात, डोळ्यांत पाणी येतं, तो ‘बाबा, मी चुकलो’ म्हणतो आणि कथा संपते. परीक्षक म्हणून मला या मुलाचा आता वीट आला आहे. उभी हयात कऱ्हाड-पाटणच्या पट्ट्यात मराठी शिकवण्यात गेली, पण असा मुलगा मला कुठल्याच बाकावर भेटला नाही.

हे वळण शाळेतच लागतं. ससा-कासवापासून जी तात्पर्याची सवय जडते, ती दहावीच्या ‘या पाठातून मिळणारा संदेश तुमच्या शब्दांत लिहा’पर्यंत सुटत नाही. पुढे तोच विद्यार्थी लिहायला बसला की कथेच्या शेवटी चार गुणांचं उत्तर लिहून मोकळा होतो. वयात येण्याच्या कथेचं तर यात मातेरंच होतं. पोराला शहाणपण आलं, ते त्यानं बोलून दाखवलं, घरच्यांनी पाठ थोपटली. एवढं सोपं असतं तर आपण सगळेच कधीचे मोठे झालो असतो.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात होती, तेव्हाची गोष्ट सांगतो. कथा अनेकांना आठवत असेल. शाळकरी मुलगा बापाबरोबर बाजारात टोमॅटो विकायला जातो. भाव पार कोसळलेला, त्यातही गिऱ्हाइकांची घासाघीस चाललेली. शेवटी बाप स्वतःच पिकवलेला माल स्वतःच्याच पायांनी तुडवतो आणि पोराला ते बघावं लागतं. पाठ संपल्यावर मी विचारलं, ‘वडिलांनी असं का केलं असेल?’ पहिल्या बाकावरून शेतकऱ्याच्या व्यथेचं तयार उत्तर आलं. मग मागच्या बाकावरचा, एरवी हात वर न करणारा एक पोरगा उठला. म्हणाला, ‘सर, माल परत न्यायचा म्हटला तर टेम्पोचं भाडं कोण देणार? आमच्या दादांनी मागल्या साली मार्केटातच ओतून दिला. रिकामी कॅरेटं तेवढी घरी आणली. ती परत द्यायची असत्यात.’ शेजारच्यानं विचारलं, ‘मग तू काय केलंस?’ पोरगा म्हणाला, ‘मी कॅरेटं धुतली.’

वर्गात कुणी हसलं नाही. फळ्यावर लिहिता येईल असा कोणताही संदेश त्या वाक्यात नव्हता. बापाचा पराभव त्यानं पाहिला होता, त्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता आणि घरचं एक काम त्याच्या वाट्याला आलं होतं. चंदनशिवांच्या कथेतल्या मुलाचं काय होतं, हे त्या दिवशी त्या पोराइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लघुकथेतलं मूल मोठं होतं ते काही शिकल्यामुळे नाही. ज्यांच्या जिवावर आपण निर्धास्त होतो ती मोठी माणसं हतबल होऊ शकतात, हे डोळ्यांदेखत घडतं आणि ते पुसून टाकता येत नाही, म्हणून ते मोठं होतं. जी. ए. कुलकर्णींच्या ‘चैत्र’मध्ये हळदीकुंकवाच्या निमित्तानं झालेला आईचा अपमान मुलाला पाहावा लागतो. ऊर्मिला पवारांच्या ‘कवच’मध्ये याची दुसरी बाजू आहे. गौऱ्याची आई आंबे विकते. आंब्यांचं निमित्त करून पुरुष द्व्यर्थी बोलतात आणि पोरगा शरमेनं मेल्याहून मेला होतो. आईला आपणच जपलं पाहिजे असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात ती आपल्या जिभेच्या बळावर त्या पुरुषांना गप्प करते. गौऱ्याला आई नव्यानं दिसते, आणि तिला आपल्या राखणदारीची गरज नाही हेही कळतं. मुलग्याच्या मोठं होण्याची इतकी खणखणीत कथा मराठीत क्वचितच सापडेल.

कादंबरीला यासाठी सवड असते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी नववीचं अख्खं वर्ष आपल्यासमोर जगतो. कथेच्या हाताशी एखादी दुपार, फार तर एखादा बाजाराचा दिवस. त्यामुळे सगळं उलगडून सांगण्याचा मोह तिनं टाळायलाच हवा. आमच्या कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या प्रकाश नारायण संतांनी हे अचूक ओळखलं होतं. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत त्यांनी एकाच लंपनच्या कथा लिहिल्या. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा. ज्याचा अर्थ लागत नाही ते सगळं त्याच्या लेखी ‘मॅड’. मैत्रीण सुमीबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं, हे त्याच्याआधी वाचकाला कळतं. त्याला कळलेलं थोडं आणि आपल्याला कळलेलं जास्त, या फटीत ती कथा उभी आहे. लंपनच्या तोंडी शहाणपणाचं एक जरी भाषण घातलं असतं, तरी ती फट बुजली असती आणि कथाही संपली असती.

मुलींच्या बाबतीत आपला हात आणखी आखडता आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’नं शिकलेल्या, मिळवत्या, मनानं गुदमरलेल्या तरुण मुलींना बोलतं केलं. त्यावर इतका गदारोळ झाला की ही लेखिका नेमकी कोण, याचीच चर्चा रंगली. त्या मालतीबाई बेडेकर. त्यानंतर मराठी कथालेखिका कुठल्या कुठे पोचल्या, पण स्पर्धेच्या गठ्ठ्यातली चौदा वर्षांची मुलगी आहे तिथेच आहे. एक तर तिचं लग्न ठरतं, नाही तर तिच्यावर अत्याचार होतो, नाही तर ती बोर्डात पहिली येते. सायकलवरून शाळेत जाताना ती कशाचा विचार करते, मैत्रिणीचा मत्सर तिला कसा छळतो, आई खोटं बोलते हे पहिल्यांदा कळतं तेव्हा तिचं काय होतं, यावर कुणी लिहीत नाही.

‘मुलांच्या हाती असलं उदास कशाला द्यायचं?’ असं पालक विचारतात. शिक्षकही विचारतात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. सोसायटीच्या कर्जाची नोटीस मुलं वाचतात. भिंतीपलीकडची भांडणं ऐकतात. हातातल्या फोनवर काय बघतात, ते तर विचारायलाच नको. उदास गोष्टी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचल्या आहेत. असं दुसऱ्या कुणाच्या घरीही घडलं होतं, एवढं सांगणारं मात्र त्यांना कुणी भेटत नाही. ते काम चांगली कथा करते. तिच्या शेवटी उपदेश चिकटवला की मुलं तिच्याकडे पाठ फिरवतात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

आता छापणाऱ्यांकडे वळू. लहानांसाठी १९७१पासून ‘किशोर’ मासिक आहे, मोठ्यांसाठी दिवाळी अंकांची रास आहे. मधल्या चौदा ते सतरा वयाच्या वाचकाला मराठीत हक्काचं ठिकाण जवळपास नाही. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक हा सन्माननीय अपवाद. कथेसाठी जीव टाकणारं ‘सत्यकथा’ मासिक १९८२मध्ये बंद पडलं, त्याचे उमाळे आपण अजून काढतो. पण पुढचा वाचक ज्या वयात घडतो, त्या वयासाठी चार पानं राखून ठेवावीत असं फारशा संपादकांना वाटत नाही. मग ही मुलं इंग्रजीकडे वळली की मराठीच्या नावानं गळा काढायला आपण मोकळे.

म्हणून दोन मागण्या. दिवाळी अंकांच्या संपादकांनी येत्या अंकात या वयाच्या वाचकासाठी निदान एक कथा मुद्दाम मागवून छापावी, आणि ‘संस्कारक्षम’ ही अट नियमावलीतून काढून टाकावी. मराठीच्या शिक्षकांनी वर्षातून एक तरी कथा अशी शिकवावी, की जिच्या शेवटी संदेश विचारला जाणार नाही. पाठ संपला की पुस्तक मिटावं आणि मागच्या बाकावर कुणाला काही सांगायचंय का, एवढंच विचारावं. लगेच कुणी उठलं नाही, तर तासाची घंटा होईपर्यंत थांबावं.