‘मर्यादेच्या आत’ म्हणजे किती कोळसा?

आमच्या भामरागडला कारखान्याची चिमणी नाही. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, एवढीच आमची दरवर्षीची बातमी. पण शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. गडचिरोली ‘स्टील हब’ होणार, असे मुख्यमंत्र्यांपासून सगळे सांगत आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत या जिल्ह्यात भट्ट्या, बॉयलर आणि चिमण्या वाढणार. रोजगाराची गरज इथल्या प्रत्येक घराला आहे, त्यामुळे कारखाना नकोच असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझे म्हणणे वेगळे आहे.

अशा प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात एक वाक्य हमखास भेटते: ‘संगणकीय मॉडेलनुसार प्रदूषण विहित मर्यादेच्या आत राहील.’ जनसुनावणीत हे वाक्य वाचले की समोरचा माणूस गप्प बसतो. संगणकाशी कोण वाद घालणार? प्रोग्राम लिहिणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. म्हणून सांगतो, वाद संगणकाशी घालायचाच नाही. त्याला काय सांगितले होते, एवढेच विचारायचे.

हे मॉडेल करते काय? चिमणीतून तासाला किती धूळ आणि किती वायू निघतो, चिमणी किती उंच, धूर किती गरम, वारा कुठून आणि किती वेगाने वाहतो, ही माहिती त्याला द्यायची. मग धूर कसा पसरेल आणि कोणत्या गावात जमिनीलगत किती उतरेल, याचे गणित ते मांडते. यामागचे मूळ सूत्र इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे आहे. मी ते वीस-पंचवीस ओळींत लिहून आकडे बदलून पाहिले. वाऱ्याचा वेग निम्मा धरला की गावातले प्रदूषण दुप्पट दिसते. धुराची उंची दुप्पट धरली की जास्तीत जास्त आकडा जवळपास चौथाईवर येतो. कारखाना तोच, कोळसाही तोच. बदलते फक्त उत्तर. उंच चिमणी धूर कमी करत नाही, लांब पाठवते, हेही त्यातून कळते.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे इंधन. एक साधा हिशेब करू. तासाला १० टन वाफ देणारा मध्यम आकाराचा बॉयलर घ्या. त्याची कार्यक्षमता ७५ टक्के आणि कोळशाचा उष्मांक किलोमागे ४,००० किलोकॅलरी धरली, तर तासाला साधारण २ टन कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर. ३५ टक्के धरली तर तासाला ७०० किलो राख. गंधक अर्धा टक्का धरले तर तासाला सुमारे २० किलो सल्फर डायऑक्साइड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने या बॉयलरला सुमारे ३४ मीटर उंचीची चिमणी लागते. आता कार्यक्षमता ७५ वरून ८० वर नेली, तर दिवसाला जवळपास ३ टन कोळसा वाचतो आणि त्याची राख, त्याचा वायूही वाचतो. म्हणजे इंधनाचा हिशेब हाच प्रदूषणाचा हिशेब आहे आणि तो मालकाच्याही फायद्याचा आहे. अहवालात ३५ टक्के राखेचा कोळसा लिहिला आणि भट्टीत ४५ टक्क्यांचा पडला, तर मॉडेलचे उत्तर पहिल्याच दिवशी रद्दी झाले.

इंधनाखेरीज आणखी तीन जागी बारीक लक्ष हवे. पहिली म्हणजे ऋतू. २००६ च्या अधिसूचनेच्या चौकटीत पावसाळा सोडून एका ऋतूची हवा मोजून अहवाल करता येतो. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर उसळते, धूर विरळ होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूरही तिच्यासोबत अडकतो. उन्हाळ्यावरून हिवाळ्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरी जागा वाऱ्याची. हवामान खात्याची चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे आपण उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत ऐकतो. तिथला वारा डोंगर-जंगलाने वेढलेल्या एटापल्लीला तसाच लावायचा का? हल्ली संगणकानेच तयार केलेला वारा वापरतात. म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज. त्यात गैर काही नाही, पण प्रत्यक्ष जागेवर मोजून पडताळा घेतलेला हवा.

तिसरी जागा वाईट दिवसांची. स्पंज आयर्नच्या भट्टीतला तप्त वायू बॉयलरमध्ये नेऊन त्यावर वीज तयार करतात. इंधन वाचवण्याची ही चांगली युक्ती आहे. पण बॉयलर बंद पडला की तोच वायू भट्टीची आपत्कालीन टोपी उघडून सरळ हवेत सोडावा लागतो. वर्षात असे किती तास होतील? मॉडेलमध्ये सगळी यंत्रणा वर्षभर सुरळीत चालते असे धरले, तर ते तास कुठेच दिसत नाहीत. गावाला मात्र तेच दिसतात.

याहूनही मला खटकते ती मर्यादेची कल्पना. समजा, एखाद्या गावात हवेतली पीएम १० धूळ आज ४० मायक्रोग्रॅम आहे. मॉडेल म्हणते, २० ची भर पडेल. बेरीज ६०, २४ तासांची मर्यादा १००. प्रकल्प ‘मर्यादेच्या आत’. गावाच्या हवेतली धूळ मात्र दीडपट झाली. आमची स्वच्छ हवा ही जणू रिकामी पडलेली गोदामाची जागा, आणि ती भरेपर्यंत कुणाची तक्रार नाही! त्यात अभ्यासाचे वर्तुळ सहसा १० किलोमीटरचे. खनिजाचे ट्रक आणि पुढच्या वर्षी शेजारी येणारा दुसरा कारखाना यांची बेरीज कुणी मुद्दाम मांडली तरच होते. अशी बेरीज उशिरा केली की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते.

उपाय नाहीत असे नाही. सुरतमध्ये २०१९ पासून तीनशेवर कारखान्यांत एक प्रयोग झाला. त्यांतले बहुतेक कोळसा जाळणारे कापड कारखाने. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली आणि त्यांतल्या निम्म्या कारखान्यांना धुळीची एकूण मर्यादा ठरवून परवान्यांची खरेदी-विक्री करू दिली. त्यांची धूळ इतर कारखान्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. हे साधले, कारण अंदाजावर न थांबता रोज मोजले गेले.

म्हणून गडचिरोलीच्या जनसुनावण्यांत चार गोष्टी मागायला हव्यात. मॉडेलला दिलेली सगळी माहिती, फक्त उत्तर नव्हे. कोळशाचे दरमहा प्रमाण, राख आणि गंधकासह. हिवाळ्यातली मोजणी. आणि टोपी उघडल्याच्या तासांची उघड नोंद. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो माडियातही समजावून सांगितला जावा. ३० दिवस थोडे वाटतील, पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट करून कायदा समजून घेतला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. कायदा समजू शकतो, तर कोळशाची बेरीज-वजाबाकीही समजेल. तालुक्याबाहेर शिकायला गेलेल्या आमच्यासारख्या इंजिनिअरांनी त्या अभ्यासगटात जाऊन बसावे. गणित करून द्यावे आणि निर्णय ग्रामसभेवर सोडावा.

पुढच्या वेळी कुणी ‘मर्यादेच्या आत’ म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारा: साहेब, कोळसा किती, आणि त्यात राख किती?