इंग्रजीची निःसंदिग्धता

परवां एका स्नेह्याच्या घरीं मराठीच्या भवितव्याचा विषय निघाला असतां एक वयोवृद्ध वकील म्हणाले, “मराठी कीर्तनाला ठीक, भांडणाला त्याहून ठीक, कायद्याला नव्हे. ज्या भाषेंत दिवा विझविण्याला ‘दिवा वाढविणें’ म्हणतात आणि निघून जाणारा माणूस ‘येतों’ म्हणून सांगतो, त्या भाषेंत खरेदीखत करून कोण सुखानें झोंपेल ? त्याला इंग्रजीच पाहिजे. तेथें एका शब्दाला एक अर्थ.” मंडळी हंसली. मीही हंसलों, कारण कोटी खरोखरच चांगली होती. परंतु घरीं परततांना त्या हंसण्याची लाज वाटूं लागली. अठ्ठावीस वर्षें मी कॉलेजांत इंग्रजी शिकवीत आहें. त्या घरांतील अंधारे कोपरे मला ठाऊक असतां मीं गप्प कां बसावें?

वकीलसाहेबांच्याच पेशांतला शब्द घेऊं. सरकारी नोकरावर खटला भरण्यापूर्वीं जी मंजुरी लागते तिचें नांव ‘सँक्शन’. आणि एखाद्या राष्ट्राचा व्यापार तोडून त्याला शिक्षा करावयाची, तर तेंही ‘सँक्शन’च. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूक. खजिन्यावर ज्याची ओव्हरसाइट त्याच्याच ओव्हरसाइटनें खजिना लुटला गेला, हें वाक्य इंग्रजीच्या दृष्टीनें अगदीं निर्दोष आहे. एका शब्दाला एक अर्थ तो हाच काय ?

परदेशीं जाणाऱ्या आपल्या मुलांच्या खिशांत जो पासपोर्ट असतो, त्याच्या आंतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नांवानें इंग्रजींत अशी विनंती छापलेली असते कीं, या व्यक्तीला ‘लेट’ किंवा अडथळा न करतां मोकळेपणानें जाऊं द्यावें. ही शब्दयोजना मी वर्गांत फळ्यावर लिहितों तेव्हां निम्मी मुलें ‘परवानगीवांचून’ असा तिचा अर्थ करतात. त्यांचें चुकतें काय ? ‘लेट’ म्हणजे करूं देणें, हें त्यांना इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून आम्हींच पढविलें आहे. खरी गोष्ट अशी कीं, जुन्या इंग्रजींत सोडण्याच्या अर्थाचें एक क्रियापद होतें आणि अडविण्याच्या अर्थाचें दुसरें. शतकांच्या वापरानें दोन्हींचीं रूपें झिजून एक झालीं. टेनिसमध्यें सर्व्हिस जाळ्याला घासून नेमक्या चौकोनांत पडली कीं पंच ‘लेट’ म्हणतो, तोही हा जुना अडथळाच. ‘क्लीव्ह’ची कहाणी हीच, तें चिकटणेंही आहे आणि चिरणेंही. हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पण तो इतिहास आहे, तर्कशास्त्र नव्हे, हें आम्ही प्राध्यापकांनीं मुलांना कधीं सांगितलें ? आम्हीं त्यांचे गुण तेवढे कापले.

येथवर थट्टा झाली. पण शब्दाच्या दुटप्पीपणानें जीवही जाऊं शकतो. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारा. परंतु ‘इन’ हा लॅटिन उपसर्ग इंग्रजींत बहुधा नकारार्थी येतो, म्हणून पिंपावर हा शब्द वाचून ‘न पेटणारा’ असें समजून कोणी त्याशेजारीं काडी ओढली, तर दोष कोणाचा ? ही भीति मराठी माणसाच्या इंग्रजी अज्ञानांतून निघालेली नव्हे. अमेरिकेंतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननें १९२० नंतरच्या दशकांत ‘फ्लॅमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला, आणि १९५९ सालीं ब्रिटनच्या मानक संस्थेनेंही तोच सल्ला दिला. ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाच तिचा भरंवसा वाटेना !

युद्धकाळांतही तेंच. एखादें टिपण ‘टेबल’ करणें म्हणजे इंग्रजाच्या लेखीं तें ताबडतोब चर्चेला घेणें, आणि अमेरिकनाच्या लेखीं तें बाजूला सारणें. दुसऱ्या महायुद्धांत यावरून दोस्तांच्या सेनाधिकाऱ्यांत बराच वेळ वाद माजला आणि मुळांत दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, असें चर्चिल यांनीं आपल्या इतिहासांत नमूद करून ठेविलें आहे.

म्हणून इंग्रजी टाकाऊ, असें मी म्हणत नाहीं. तिच्यावर माझें पोट आहे आणि प्रेमही आहे. संस्कृतांतील ‘आरात्’ दूरही दाखवितो आणि जवळही. त्यानें शास्त्रार्थ अडला नाहीं. नेमकेपणा शब्दांत जन्मतः नसतो; तो वापरानें येतो. न्यायाधीशांनीं शब्दागणिक निवाडे दिले, त्यांवर पुढच्यांनीं निवाडे दिले, तेव्हां कायद्याची इंग्रजी घडली. आणि तीही फार जुनी नव्हे. न्यायालयांतील वाद इंग्रजींत व्हावे असा कायदा इंग्लंडांत १३६२ सालीं झाला, तो खुद्द फ्रेंचमध्यें लिहावा लागला. आणि दप्तरांतून लॅटिन हटली ती १७३३ पासून. त्यानंतर कित्येक वर्षांनींही ब्लॅकस्टनसारखा कायदेपंडित लॅटिनच्या स्थिरपणासाठीं हळहळत होता. म्हणजे वकीलसाहेब आज मराठीवर जो आक्षेप घेतात, तो अडीचशें वर्षांपूर्वीं इंग्रजीवर घेतला जात होता ! मराठीला उच्च न्यायालयाबाहेर उभें करून वर ती कायद्याच्या सरावाची नाहीं असें म्हणणें, म्हणजे पोराला पाण्याजवळ फिरकूं न देतां त्याला पोहतां येत नाहीं म्हणून हिणविणें होय.

हें सर्व ऐकवावें म्हणून दुसऱ्या दिवशीं मी वकीलसाहेबांच्या घरीं गेलों. ते एका अशिलाला त्याच्या इंग्रजी करारनाम्यांतील एक कलम समजावून सांगत होते. अर्थातच मराठींत, आणि तें इतकें स्वच्छ कीं, दाराशीं उभ्या असलेल्या मलाही तें तेव्हांच कळलें. अशील समाधानानें उठला आणि “येतों, साहेब” म्हणून निघून गेला.