तुळजापूरचा आकडा सरकतो तेव्हा

एका पावसाळ्यात एका तरुण सहकाऱ्याने तापाच्या रुग्णांचा तालुकानिहाय तक्ता माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "सर, तुळजापूरला आणि धाराशिवला पथकं पाठवायला हवीत." पॉझिटिव्हच्या रकान्यात तुळजापूरसमोर ४२ दिसत होते. कळंब, भूम, परंडा, वाशी, उमरगा, लोहारा इथले आकडे दोन-तीनच्या पुढे नव्हते. क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मग लक्षात आलं की त्या दोनच ओळींत टेस्टेडचा रकाना रिकामा आहे. कुणाला तपासलंच नाही, तर पॉझिटिव्ह आले कुठून?

४२ हा तपासलेल्यांचा आकडा होता. छापताना तो एक घर उजवीकडे सरकला होता. माहिती भरणाऱ्याने काहीही चुकवलेलं नव्हतं.

कारण शोधलं तर ते निघालं टॅब. माझ्या वयाच्या ज्यांनी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये 'स्टेटमेंट' काढलंय त्यांना हे लगेच कळेल. टॅब म्हणजे ठराविक मोकळी जागा नव्हे, 'पुढच्या खुणेपर्यंत जा' एवढाच तो हुकूम. टाइपरायटरवर त्या खुणा आपण स्वतः लावायचो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर त्या सहसा दर ८ अक्षरांवर असतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कळंब ६ अक्षरांचं, परंडा ७, त्यामुळे त्यांचे आकडे पहिल्या खुणेवर बसतात. तुळजापूर मात्र नेमकं ८ अक्षरांचं आणि धाराशिव ९. ती खूण भरून जाते आणि आकडा थेट १६व्या जागेवर, म्हणजे शेजारच्या रकान्यात. (उस्मानाबादही इंग्रजीत ९च अक्षरी होतं, तेव्हा नामांतराला दोष देऊ नये!)

यावर 'एक्सपांड' नावाची जुनी, साधी आज्ञा आहे. ती टॅब काढून तिथे मोजून मोकळ्या जागा भरते. पण नुसती चालवली तर तीही ८चाच हिशेब धरते आणि सरकलेला आकडा सरकलेल्या जागीच पक्का करते. तिला खुणांचं अंतर सांगावं लागतं. आपल्या जिल्ह्यासाठी १२ पुरेसं आहे. शिवाय हे फक्त छापायच्या प्रतीवर करावं. मूळ फाइलमधला टॅब हीच दोन रकान्यांमधली भिंत असते. ती पाडली आणि एखादा रकाना रिकामा असला, तर पुढे कोणता आकडा कशाचा हे संगणकालाही सांगता येत नाही.

नावं मराठीत लिहिली की आणखी पंचाईत. या आज्ञेच्या अनेक जुन्या आवृत्त्या अक्षरं न मोजता बाइट मोजतात. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रासुद्धा. 'तुळजापूर' आपल्याला ५ अक्षरांचं दिसतं, संगणकाच्या लेखी ते २४ बाइट. मग रकाने जुळणार कसे? अशा वेळी सरळ स्प्रेडशीटमध्ये उघडून छापावं, हे बरं.

हे संगणकवाल्यांचं काम, डॉक्टरांनी त्यात का पडावं, असं मला एकाने विचारलं. मला ते पटत नाही. रात्रपाळीत रिपोर्ट वाचणारा माणूस रकान्यावर डोळे ठेवून खाली उतरतो, प्रत्येक ओळ मोजत बसत नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलमध्ये ओळी मावेनात म्हणून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून आणि संपर्कशोधातून निसटले. तिथेही तपासणी नीटच झाली होती.

आम्ही त्या दिवशी पथकं पाठवली नाहीत. फाइल १२च्या अंतराने पुन्हा छापली. तुळजापूरचे पॉझिटिव्ह निघाले ३. आता तक्ता हातात आला की मी आधी तुळजापूरची ओळ बघतो, मग बाकीच्या.