ढगांच्या डोक्यावर कॅमेरा

पावसाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास प्रत्येक ऑफिसात एक हवामानतज्ज्ञ जन्माला येतो. मोबाइलवर आलेला सॅटेलाइटचा फोटो मोठा करून तो जाहीर करतो, ‘बघा, मुंबईवर नुसतं पांढरं पांढरं! निघा लवकर.’ लगेच सगळ्यांच्या नजरा बॉसच्या केबिनकडे.

एक मिनिट. आधी तो फोटो वाचायला शिकू या!

हे फोटो पाठवतात आपले इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४). मुक्काम विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. तिथे त्यांची फेरी पृथ्वीच्या फिरण्याशी अशी जुळते, की भारत नजरेआड होतच नाही. अगदी रात्रीही फोटो येतो. कारण ‘इन्फ्रारेड’ फोटोत उजेड नाही, उष्णता मोजलेली असते. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो पांढरा. आणि थंड म्हणजे उंच.

गोची इथेच आहे. खूप उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे ढगही पांढरे दिसतात. पाऊस मात्र शून्य. उलट कोकणातले बुटके, फोटोत करडे दिसणारे ढग तुम्हाला चिंब करून जातात. उपग्रहाला दिसतं ढगाचं डोकं. पोटातला पाऊस बघायला रडारच हवं.

२६ जुलै २००५ आठवतोय? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! आजच्या इन्फ्रारेड फोटोतला एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर. म्हणजे घोटाभर पाणी आणि गळाभर पाणी यांच्यात फक्त पाच-सहा ठिपक्यांचं अंतर. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आज आहे.

मग उपग्रह कशाला? तर भर समुद्रासाठी. तिथे रडार पोचत नाही, पर्जन्यमापकही नाही. १७ मे २०२१ ला मुंबईला झोडपणारं ‘तौक्ते’ वादळ लक्षद्वीपजवळ बाळसं धरत होतं, तेव्हापासून वरून त्याच्यावर नजर होती. किनाऱ्यावरच्या माणसांना हलवायला तेवढे दिवस मिळणं, ही खरी कमाई.

तेव्हा वीकेण्डला अलिबागला जायचंय? उपग्रहाचा फोटो आणि हवामान खात्याचा अंदाज बघा. सहाची लोकल पकडायचीय? रडार आणि तीन तासांचा ‘नाउकास्ट’ बघा. दोन्ही खात्याच्या साइटवर फुकट आहेत.

आणि बॉसला नुसतं पांढरं दाखवू नका. हा कॉलम तोही वाचतो!