वहिनी, पीप्स आणि सीदिंग लेनवरचं चर्च

लंडनला गेल्यावर माणूस काय बघतो? बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ आणि टॉवर ब्रिजवरचा एक फोटो. तो फॅमिली ग्रुपवर टाकला की तिकिटाचे पैसे वसूल! माझी लिस्टही काही वेगळी नव्हती. पण दादाचं ऑफिस तिथल्या ‘सिटी’ भागात, टॉवर हिल स्टेशनपासून पाच मिनिटांवर. म्हणून मंगळवारी तो, वहिनी आणि मी असा तिघांनी लंच करायचा बेत ठरला. एक वाजता आम्ही दोघी ऑफिसखाली हजर. एक दहाला मेसेज आला, ‘मीटिंग लांबलीय. अर्धा तास.’

वहिनीने मेसेज वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “चल, माझ्या जागेवर नेते तुला.”

वहिनीची जागा म्हणजे एक चर्च निघालं. सेंट ओलाव्ह, हार्ट स्ट्रीट. चारी बाजूंनी काचेच्या ऑफिस बिल्डिंग्ज आणि मध्ये हे एवढंसं दगडी प्रकरण. सीदिंग लेनच्या बाजूने आत शिरायच्या दगडी कमानीवर काय कोरलंय माहितीये? कवट्या! हे गेट १६५८ सालचं. चार्ल्स डिकन्सने या चर्चला ‘सेंट घास्टली ग्रिम’ असं टोपणनाव ठेवलं होतं. म्हणजे साधारण ‘संत भीषण भयाण’ म्हणा ना!

“रोज येतेस इथे?” मी विचारलं.

“आठवड्यातून दोन-तीनदा. इथे कोणी विचारत नाही, सध्या काय करतेस म्हणून.”

मी गप्प बसले. पुण्यातली चांगली एचआरची नोकरी सोडून वहिनी इथे आली, त्याला तेव्हा आठ महिने होत आले होते. रोज अर्ज आणि रोज नकार. फोनवर आईला मात्र ती ‘मजेत’ असं सांगायची.

असो. आधी चर्चबद्दल सांगते, कारण चर्च खरंच सॉलिड आहे.

ओलाव्ह म्हणजे नॉर्वेचा राजा ओलाफ. १०१४ साली लंडन ब्रिजजवळच्या लढाईत तो इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या बाजूने डेन लोकांशी लढला, अशी परंपरा आहे. पुढे तो संत झाला आणि लंडनकरांनी त्याच्या नावाने चर्च बांधली. त्यातलंच हे एक. आजची इमारत १४५०च्या सुमाराची. सीली नावाच्या व्यापारी घराण्याने तिला मोठा हातभार लावला. खालचं तळघर तर त्याहूनही जुनं, तेराव्या शतकातलं.

हे कॅथीड्रल नाही हं. हे पॅरिश चर्च, म्हणजे आपल्या भाषेत मोहल्ल्याचं चर्च. बाप्तिस्मा, लग्न आणि शेवटचा निरोप, सगळं इथेच. १५३८पासून तर या सगळ्याची नोंद वहीत ठेवायची असा सरकारी हुकूमच निघाला. त्यामुळे इंग्लंडमधल्या साध्या माणसांचा इतिहास शोधायचा, तर पॅरिशची वही उघडायची.

आत गेलं की मध्ये मुख्य दालन, दोन्ही अंगांना बाजूची दालनं आणि मध्ये दर बाजूला तीन-तीन टोकदार कमानी. शैलीचं नाव ‘परपेंडिक्युलर’. इंग्लिश गॉथिकचा हा शेवटचा टप्पा. फंडा सोपा आहे. खिडक्या मोठ्या करा, त्यांचे दगडी गज सरळ वरपर्यंत न्या, नजर आपोआप वर जाते आणि उजेड खाली येतो. बाहेरचा टॉवर मात्र गमतीशीर. खाली मध्ययुगीन दगड आणि वर १७३२ साली चढवलेलं विटांचं काम. जुन्या वाड्यावर नंतरच्या पिढीने मजला चढवावा तसं.

आणि चर्चमध्ये शिरताना पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. का? आवारातली जमीन वर आलीय म्हणून. शतकानुशतकं त्याच छोट्याशा आवारात लोकांना पुरलं गेलं. १६६५च्या प्लेगमध्ये तर फारच. वहीत प्लेगने गेलेल्यांच्या नावापुढे ‘पी’ हे अक्षर आहे. साथ ओसरल्यावर, जानेवारी १६६६मध्ये एक तरुण अधिकारी इथे परत आला आणि त्या उंच झालेल्या थडग्यांकडे बघून हादरला. तसं त्याने डायरीत लिहूनही ठेवलं.

हा अधिकारी म्हणजे सॅम्युएल पीप्स. (स्पेलिंगवर जाऊ नका, मीही आधी ‘पेपिस’च म्हणत होते.) शिंप्याचा मुलगा. १६६० साली, वयाच्या २७व्या वर्षी नौदलाच्या ऑफिसात त्याला मोठी नोकरी लागली. वर्षाला साडेतीनशे पौंड पगार आणि ऑफिसच्याच आवारात, सीदिंग लेनवर, राहायला घर. म्हणजे आजच्या भाषेत कंपनी अकोमोडेशन! सेंट ओलाव्हमध्ये नौदलाच्या साहेबांसाठी वेगळी गॅलरी होती आणि तिथे जायला बाहेरून वेगळा जिना. प्रवचन कंटाळवाणं असलं, की पीप्ससाहेब तिथे खुशाल झोपायचे. हे मी नाही, तेच लिहितात.

जानेवारी १६६०पासून मे १६६९पर्यंत त्याने लघुलिपीत डायरी लिहिली. ऑफिसचं राजकारण, बढती, नवे कपडे, पार्ट्या, सगळं. आपली मुंबईसुद्धा त्यात आहे बरं का! १६६१च्या तहानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळायची होती, पण पोर्तुगीज गव्हर्नर ताबा देईना. पोर्तुगीजांनी आपल्याला फसवलं, अशी चिडचिड पीप्सने १६६३मध्ये लिहून ठेवली आहे. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ साली.

सप्टेंबर १६६६मध्ये लंडन पेटलं. तेरा हजारांवर घरं आणि ऐंशीहून जास्त चर्च जळाली. आग सीदिंग लेनच्या टोकापर्यंत आली. आजूबाजूची घरं पाडून आगीची वाट अडवली, वारा पडला आणि सेंट ओलाव्ह वाचलं. त्या गडबडीत पीप्सने बागेत खड्डा खणून वाइन पुरली आणि सोबत त्याचं पार्मेझान चीज. माणूस संकटात काय वाचवतो, यावरून त्याची परीक्षा होते म्हणतात!

“आता वर बघ,” वहिनी म्हणाली.

वेदीजवळच्या भिंतीवर, बरंच उंच, एका तरुण बाईचा संगमरवरी अर्धपुतळा. मान किंचित वळलेली, ओठ जरासे उघडे. आत्ता काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी. एलिझाबेथ, पीप्सची बायको. वडील फ्रेंच. लग्न झालं तेव्हा ती १५चीही नव्हती. नोव्हेंबर १६६९मध्ये तापाने गेली, तेव्हा वय २९. मला पुढच्या महिन्यात २९ पूर्ण होतील, त्यामुळे तो आकडा जरा बोचलाच.

पुतळा पीप्सनेच बसवला. तिची नजर समोरच्या भिंतीकडे आहे, जिथे नौदलाची गॅलरी होती. म्हणजे तो चर्चमध्ये बसला की ती त्याच्याकडेच बघणार! आज त्या जागी १८८४ साली लावलेलं पीप्सचं स्मारक आहे. खाली लॅटिनमध्ये तिच्या रूपाचं, कलागुणांचं, भाषांचं कौतुक.

किती रोमँटिक, असं मी म्हणणार एवढ्यात वहिनी बोलली. “तिने त्याला पत्र लिहिलं होतं, ठाऊक आहे? एकटं वाटतं, दिवस जात नाही, असं सगळं. जानेवारी १६६३मध्ये तिने ते त्याला वाचून दाखवलं. त्याने काय केलं? फाडून टाकलं. कोणाच्या हाती लागलं तर काय म्हणतील लोक!”

पुढे १६६८मध्ये घरातल्या तरुण सोबतिणीला मिठी मारताना तिने त्याला पकडलं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. त्याचे नऊ वर्षांचे शब्द आपल्याकडे आहेत. तिचं ते पत्र नाही.

“मी दादाला मेल लिहिलाय,” वहिनी म्हणाली. “तोंडावर सांगायला लागले की मला रडू येतं, म्हणून. तीन आठवडे झाले. स्टार करून ठेवलाय म्हणाला, वीकेंडला शांतपणे वाचतो. तो वाईट नाही गं. दमतो खूप.”

यावर नणंदेने काय बोलावं? माझ्याच भावाने घातलेला घोळ होता तो. मी तिचा हात धरून बसून राहिले.

हे चर्च मोठ्या आगीतून वाचलं, पण १९४१च्या बॉम्बवर्षावात जळलंच. भिंती आणि टॉवर उरले. घंटा तर वितळून गेल्या. युद्धात लंडनमध्ये आसरा घेतलेला नॉर्वेचा राजा हाकोन सातवा इथे प्रार्थनेला यायचा. १९५१ साली त्याने ट्रॉनहाइमच्या कॅथीड्रलमधला दगड इथे बसवला. वितळलेल्या धातूतूनच नव्या घंटा ओतल्या गेल्या आणि १९५४मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं. छत नवं, भिंती त्याच.

दोन वाजून गेल्यावर दादा धापा टाकत आला, हातात सँडविचेस. सीदिंग लेनच्या बागेत बसलो, जिथे पूर्वी पीप्सचं ऑफिस होतं. मोठ्या आगीतून वाचलेलं ते ऑफिस १६७३ साली जळालं. बागेत आता त्याचा अर्धपुतळा आहे.

मी दादाला मराठीत, स्पष्ट आणि थोडं मोठ्याने सांगितलं, “दादा, तो मेल आत्ता वाच. मी कॉफी आणायला चाललेय. वीस मिनिटं लागतील.”

परत आले तेव्हा तो फोनवर वाचत होता. त्याचा लॅपटॉप बंद होता आणि वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्या दिवशी तो ऑफिसला परत गेला नाही. पुढचं त्यांचं ते. (हे लिहायला दोघांची परवानगी घेतलीय, घाबरू नका.)

लंडनला गेलात, तर टॉवर ब्रिजचा फोटो काढाच. पण तिथून दहा मिनिटं चालत सेंट ओलाव्हलाही जा. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या, आत गेलात की वर बघा. आणि इनबॉक्समध्ये घरच्या कोणाचा स्टार केलेला मेल पडला असेल, तर तो वाचायला लंडनला जायची गरज नाही.