विमान तासाचं, प्रवास किती तासांचा?

कोल्हापूरकर मित्रांनो, "मुंबई आता फक्त एका तासावर" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं? भाषणात ऐकलं, बॅनरवर वाचलं. खोटं नाही ते. उजळाईवाडी ते मुंबई विमानतळ हे हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर. रस्त्याने ३८० च्या आसपास आणि रेल्वेने मिरज-पुणे वळसा घालत ५०० च्या वर. हवेत तास लागतो हे खरंच आहे.

पण माणूस विमानतळावर राहत नाही राव! तो राजारामपुरीत राहतो, कागलात राहतो, आणि त्याचं काम मंत्रालयात नाहीतर परळच्या टाटा हॉस्पिटलात असतं.

जरा हिशोब करू. घरातून उजळाईवाडी अर्धा तास. चेक-इन, तपासणी धरून तिथं किमान सव्वा तास. हवेत एक तास. उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. पुढं भुयारी मेट्रोने विधान भवन स्टेशनपर्यंत पाऊण तास. झाले चार तास! आणि हे सगळं वेळेवर झालं तर. तरीही गाडीने सात-आठ तास जातात, म्हणजे निम्मा वेळ वाचतो. म्हणून विमान हवंच, त्यात वाद नाही. चंदगडच्या माणसाला मात्र उजळाईवाडीपेक्षा बेळगावचं सांबरा विमानतळ जवळ पडतं, हेही लक्षात असू द्या.

माझा मुद्दा वेगळा आहे. वाचलेला वेळ हाताला कधी लागतो? सकाळी जाऊन, काम उरकून, रात्री घरी जेवायला येता आलं तरच. विमान भर दुपारी असेल तर ऑफिसची वेळ संपत आलेली असते, मग मुंबईत मुक्काम आला. लॉजचं भाडं, दोन वेळचं जेवण, बुडालेला दिवस. तासाच्या विमानाचा दोन दिवसांचा प्रवास होतो. यापेक्षा रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपून गेलेलं काय वाईट?

दुसरा मुद्दा नवी मुंबई विमानतळाचा. उद्या कोल्हापूरचं विमान तिकडं वळवलं, तर हवेतलं अंतर फारसं बदलणार नाही. कागदावर एक तासच राहील. पण मंत्रालयात जाणाऱ्याची मेट्रो गेली, त्याला अटल सेतूवरून टॅक्सी करावी लागणार. उलट पनवेल, वाशीत काम असणाऱ्याचा फायदाच आहे. टाटाच्या खारघर केंद्रात जाणाऱ्या पेशंटलाही तेच जवळ. म्हणजे कुठलं विमानतळ, हा प्रश्न प्रवाशांना विचारूनच सुटायला हवा.

उडान योजनेत सरकार विमान कंपनीला सहसा तीनच वर्षं मदत देतं. त्यानंतर विमान टिकतं ते रोजच्या प्रवाशांवर, आणि प्रवासी टिकतात वेळापत्रकावर. गोकुळ शिरगाव, शिरोलीचा उद्योजक असो की वकील, ज्या विमानाचा भरवसा नाही त्याच्यावर कोण विसंबून राहणार?

त्यामुळं आपल्या लोकप्रतिनिधींना आता "विमान आणलं का?" एवढंच विचारू नका. सकाळी लवकर जाणारं आणि संध्याकाळी परत येणारं, रोजचं विमान आहे का, ते विचारा. आणि उजळाईवाडीतून गावात यायला केएमटीची बस विमानाच्या वेळेला जोडलीय का, तेही विचारा.

तुम्हाला घरापासून मुंबईतल्या कामाच्या जागेपर्यंत किती वेळ लागला? कमेंटमध्ये लिहा. खरा आकडा आपणच जमवू.